अख्तर मंजिलचे पांडेजी

रमाकांत पांढरीपांडे हे नाव लखनौमध्ये कुणाला धड उच्चारता आलं नाही. दूधवाल्यापासून ऑफिसातल्या बड्या साहेबांपर्यंत सगळ्यांनी आडनावातला सुरुवातीचा भाग गाळून टाकला आणि ते कायमचे पांडेजी झाले. नवी माणसं त्यांना गोरखपूरकडचेच समजत. मग बोलता बोलता 'हमारे वर्धा में' असं त्यांच्या तोंडून निघालं की समोरचा बुचकळ्यात पडे.

मी रेल्वेच्या पूल विभागात त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा त्यांची निवृत्ती जवळ आली होती. मी नवा, एकटा, मराठी. पहिल्याच रविवारी त्यांनी मला जेवायला बोलावलं. पत्ता सांगितला, 'कैसरबागच्या चौकातून लालबागकडे ये आणि कुणालाही अख्तर मंजिल विचार.' रेल्वेचा क्वार्टर सोडून हा माणूस भाड्याच्या जुन्या घरात का राहतो, याचं उत्तर मला दारातच मिळालं. उंच कमान, कमानीवर चुन्यात घडवलेली माशांची जोडी, आत फरसबंदी चौक आणि चारही बाजूंनी दुमजली सज्जे. विटा पातळ, बिस्किटासारख्या. कुण्या तालुकदारानं, म्हणजे अवधच्या बड्या जमीनदारानं, शंभरेक वर्षांपूर्वी शहरात उतरण्यासाठी बांधलेली ही हवेली पुढे भाडेकरूंत वाटली गेली होती. खाली रस्त्याकडे दुकानं, वर बिऱ्हाडं.

'क्वार्टर तीनदा मिळाला होता,' साहेबांच्या पत्नी, कांचनकाकू, वाढताना म्हणाल्या. 'तिन्हीदा यांनी नाही म्हटलं. इथं मला पाणी खालून वर आणावं लागतं, ते कुणी बघायचं?'

साहेब हसले. 'अगं, उन्हाळ्यात कूलरशिवाय झोपतेस ना? त्या क्वार्टरमध्ये भाजून निघाली असतीस.'

त्या दोघांचा हा वाद जुना होता आणि त्यात राग नव्हता. अभिजित, त्यांचा मुलगा, अमौसीला विमानतळावर नोकरीला होता आणि इंदिरानगरात त्यानं घर घेतलं होतं. काकूंना तिकडे जायचं होतं. साहेबांना मेल्याशिवाय अख्तर मंजिल सोडायची नव्हती. ते तसं बोलूनही दाखवत.

त्यांच्या बिऱ्हाडाच्या बरोबर खाली शमीम मास्टरांचं शिवणाचं दुकान होतं. शेरवान्या आणि अचकन शिवण्यात मास्टरांचा हात धरणारा त्या भागात कुणी नव्हता. पुढे दुकान, मागे चौकाच्या बाजूला कारागिरांची खोली. संध्याकाळी साहेब ऑफिसातून आले की कमानीत दोन स्टुलं पडत, आणि चहा होईपर्यंत दोघं बोलत बसत. मास्टर साहेबांपेक्षा लहान, पण थकलेले, दम्याचे. त्यांची बायको राबिया पडद्याआडून चहा पाठवी आणि काकू वरून कधी शेव, कधी चिवडा खाली धाडत. 'पांडेजी, यह जो आपका चिवड़ा है न,' मास्टर म्हणत, 'इसमें मूँगफली कम है, मोहब्बत ज़्यादा.' काकू वरून ओरडत, 'शेंगदाणे महाग झालेत, सांगा त्यांना!'

साहेब निवृत्त झाले आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत हवेली विकली गेली. तालुकदाराचे वारस दिल्लीला होते; त्यांनी ती जालान नावाच्या बिल्डरला दिली. तेव्हा लखनौमध्ये जिकडेतिकडे कॉम्प्लेक्स उठत होते. खाली दुकानं, वर ऑफिसं, काचेचे दर्शनी भाग. जुनी घरं एकेक करून पत्र्यांच्या आड जात आणि काही महिन्यांनी पत्रे निघाले की आत खड्डा दिसे.

जालान स्वतः आला. गोड बोलणारा, पांढऱ्या सफारीतला माणूस. त्यानं सगळ्या भाडेकरूंना चौकात बसवून नकाशा दाखवला. दुकानदारांना नव्या कॉम्प्लेक्समध्ये दुकान, बिऱ्हाडांना शहराबाहेर घर. 'यह इमारत अब ख़तरनाक है,' तो म्हणाला. 'कल को कुछ हो गया तो?'

शमीम मास्टरांना ते पटलं होतं. त्यांनी साहेबांना विचारलं, 'पांडेजी, ले लें क्या? नई दुकान में पंखा तो सीधा चलेगा.'

साहेब उठले. आयुष्यभर त्यांनी पूल तपासले होते. गंगेवरचे, गोमतीवरचे, शारदेवरचे. चौकाच्या मधोमध उभं राहून ते हिंदीत बोलले आणि त्यांचं बोलणं मी तिथे बसून ऐकलं. ही भिंत हातभर नाही, दोन हात रुंद आहे. हा चुना वर्षागणिक घट्ट होत जातो. गच्चीवरच्या पाण्याची वाट नीट ठेवली तर ही वास्तू आपल्या नातवंडांना पुरून उरेल. ख़तरनाक ही इमारत नाही, तिच्यावर डोळा ठेवणारे आहेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्टरांनी जालानला सांगितलं, पांडेजी जिथं, तिथं आम्ही.

साहेबांनी समिती काढली. वकील सक्सेनांनी फी न घेता दावा लावला. आर्किटेक्चरची मुलं-मुली येऊन फीत लावून मापं घेऊन गेली. वर्तमानपत्रात कमानीचा फोटो आला, त्यात साहेब आणि मास्टर शेजारी शेजारी उभे. हजरतगंजातल्या एका सभेत साहेबांना शाल मिळाली. निवृत्तीनंतर माणूस सुकत जातो म्हणतात. हे उलटे तरुण झाले. रविवारी कुणी पाहुणे आले की ते हवेली दाखवत, आणि मी गेलो की मलाही तीच माहिती नव्यानं ऐकवत.

कोर्टात जालानच्या वकिलानं इमारत मोडकळीला आल्याचं म्हटलं. साहेबांनी शपथेवर सांगितलं की इमारत मजबूत आहे. कोर्टानं निकाल लागेपर्यंत यथास्थितीचा, म्हणजे 'जैसे थे'चा हुकूम दिला. कुणी काही पाडायचं नाही. त्या दिवशी अख्तर मंजिलमध्ये शीरमालच्या रोट्या आणि मिठाई वाटली गेली.

त्या हुकुमाची दुसरी बाजू पहिल्या पावसाळ्यानंतर कळली. कुणी काही पाडायचं नाही, तसं कुणी काही बांधायचंही नाही. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मालकाच्या ताब्यात होत्या. जालाननं त्यांना कुलूप घातलं होतं. त्या खोल्यांवरच्या गच्चीचं पाणी वाहून नेणारा नळ फुटला आणि पाणी भिंतीत जिरू लागलं. साहेबांनी जालानला कळवलं. जालानचं उत्तर आलं, कोर्टाचा हुकूम आहे, मी हात लावू शकत नाही. साहेबांनी वकिलांना सांगून दुरुस्तीची परवानगी मागितली. तारीख पडली. पुढची तारीख पडली. वकिलांचा संप झाला. न्यायाधीश बदलले. भिंत ओली राहिली.

दोन पावसाळे असे गेले. शहाण्णवच्या उन्हाळ्यात मी गेलो तेव्हा साहेब मला कारागिरांच्या खोलीमागे घेऊन गेले. तिथे त्यांनी भिंतीवरच्या तड्यावर काचेची एक अरुंद पट्टी आडवी चिकटवली होती. पुलावर आम्ही तसंच करायचो. तडा हलला की काच फुटते. काच फुटली होती. मग त्यांनी खिशातून ओळंबा काढला आणि वरून सोडला. दोरी मध्यावर भिंतीला टेकली आणि खाली भिंतीपासून लांब लोंबत राहिली. भिंतीला पोट सुटलं होतं.

'साहेब,' मी म्हणालो, 'पुलाचा खांब असता तर आपण गाडी थांबवली असती.'

'माहीत आहे मला,' ते म्हणाले आणि ओळंबा गुंडाळून खिशात टाकला.

वर आल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, 'काय म्हणते भिंत?' आणि साहेबांनी त्यांना सगळं सांगितलं.

'मग खाली सांगा ना त्यांना,' काकू म्हणाल्या.

'सांगितलं की ते कोर्टात जाईल. शपथेवर मजबूत म्हणणारा माणूस आता पडेल म्हणतो. दुसऱ्या दिवशी जालान बुलडोझर आणेल.'

'आणू दे की.'

'कांचन, एवढ्या वर्षांचं...'

'मास्टर रोज तिथं बसतो,' काकू म्हणाल्या. त्यांनी निवडलेली भाजी आणि देठं एकत्र केली, मग पुन्हा वेगळी करत बसल्या.

साहेब वकिलांकडे गेले. सक्सेनांनी सल्ला दिला, हे कुठे बोलू नका, आपण दुरुस्तीचा अर्ज पुन्हा रेटू. मग साहेबांनी स्वतःच्या हिमतीवर लाकडी बल्ल्या आणवल्या आणि भिंतीला तिरके टेकू दिले. दोन दिवस ते टेकू उभे होते. जालानच्या माणसानं पोलीस चौकीत तक्रार केली की कोर्टाचा हुकूम मोडून बांधकाम चाललंय. दरोगा आला, आदबीनं नमस्कार केला आणि टेकू काढायला लावले. साहेब त्याला समजावत राहिले की हे बांधकाम नाही, आधार आहे. 'पांडेजी, आप तो क़ानून वाले आदमी हैं,' दरोगा म्हणाला. 'यथास्थिति आप ही लाए थे.'

टेकू कशासाठी, हे मास्टरांनी विचारलंच. साहेब म्हणाले, 'थोड़ी नमी है. बारिश भर कारीगरों को आगे दुकान में बिठाइए. पीछे वाले कमरे में कोई न बैठे.'

'गिरेगी तो नहीं?'

'नहीं, नहीं. बस एहतियात, सावधानी.'

मास्टरांनी ऐकलं. कारागीर पुढच्या दुकानात कोंबले गेले. शिलाईची यंत्रं पुढे आली. पण दुकानात एवढी जागा नव्हती, म्हणून तयार माल आणि कापडाचे तागे मागच्याच खोलीत राहिले. ओलसरपणा आहे म्हटल्यावर मास्टरांनी त्यांच्यावर प्लास्टिक टाकलं. जो माणूस फक्त ओलीला भितो, तो एवढंच करतो.

ऑगस्टच्या अखेरीस सलग पाऊस लागला. दुपारची वेळ होती, काकू वर जेवणं आवरत होत्या, साहेब आडवे झाले होते. खाली मास्टरांना मागच्या खोलीत पाणी टपकल्याचा आवाज आला. एका लग्नाच्या शेरवान्या तिथे टांगलेल्या होत्या. ते उठले. एक कारागीर म्हणाला, मैं ले आता हूँ. मास्टर म्हणाले, 'तुम्हारे हाथ में तेल लगा है,' आणि स्वतः गेले.

काकूंनी मला नंतर सांगितलं की आवाज मोठा नव्हता. खडीचा ट्रक रिकामा करावा तसा झाला आणि थांबला. मग धूळ आली, एवढ्या पावसात धूळ. साहेब अनवाणी जिन्याकडे धावले. जिना शाबूत होता. चौकाच्या त्या बाजूचा सज्जा, वरच्या दोन बंद खोल्या आणि खालची भिंत यांचा एकच ढीग झाला होता.

मला ऑफिसात फोन आला. मी पोचलो तेव्हा आमच्या रेल्वेचे चार गँगमन, मोहल्ल्यातली मुलं आणि कारागीर हातानं विटा उपसत होते. साहेब त्यांच्यात होते. त्यांची नखं फाटली होती. 'इधर से मत खींचो, ऊपर का बैठ जाएगा,' असं ते सांगत होते, त्याच आवाजात, ज्या आवाजात पुलावर हुकूम देत. मास्टरांचा देह सापडला तेव्हा संध्याकाळ झाली नव्हती. त्यांच्या छातीशी शेरवान्यांचा गठ्ठा होता. राबिया कमानीत बसून होती. तिला कुणीतरी चादर पांघरली होती. साहेब तिच्यासमोर जाऊन उभे राहिले, आणि मग जिन्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी महापालिकेनं उरलेली इमारत धोकादायक ठरवली. सगळ्यांना तासाभरात बाहेर काढलं. अभिजित मेटॅडोर घेऊन आला. काकूंचं इंदिरानगरला जायचं स्वप्न असं पूर्ण झालं. काकू त्या गाडीत भांड्यांच्या पोत्यावर बसून रडत गेल्या.

चौकशी बसली. पहिल्याच सुनावणीत जालानच्या वकिलानं वर्तमानपत्रातला तो फोटो काढला आणि साहेबांचं शपथेवरचं म्हणणं वाचून दाखवलं. मालक पाडायला तयार होता, यांनी पाडू दिलं नाही. सक्सेना साहेबांना म्हणाले, तुम्ही एवढंच सांगा की पाऊस फार होता. तडा तुम्ही पाहिलाय हे तुम्हाला-मला सोडून कुणाला माहीत आहे?

'कांचनला माहीत आहे,' साहेब म्हणाले. 'याला माहीत आहे.' त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

पुढच्या तारखेला मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. चौकशी अधिकाऱ्यानं नाव विचारलं तेव्हा त्यांनी पूर्ण आडनाव सांगितलं, आणि कारकुनाला ते लिहिता येईना म्हणून पुन्हा सांगितलं. मग ते बोलले. इमारत मजबूत होती, मी म्हटलं ते तेव्हा खरं होतं. नळ फुटल्यावर ते खरं राहिलं नाही. मेमध्ये मी भिंतीचा फुगवटा मोजला. ती पावसात पडणार हे मला कळलं होतं. मी ते मालकाला कळवलं नाही, कोर्टाला कळवलं नाही आणि शमीम मास्टरांना अर्धवट सांगितलं. मला इमारत वाचवायची होती.

अधिकारी तरुण होता. तो म्हणाला, 'पांडेजी, सोच लीजिए. यह सब लिखा जाएगा.'

'लिखिए,' साहेब म्हणाले.

काही महिन्यांनी अहवाल आला. अतिवृष्टी आणि इमारतीचं वय, असं कारण त्यात होतं. दोष कुणाचाच नव्हता. फुटलेल्या नळाचा उल्लेख एका ओळीत होता, साहेबांच्या जबाबाचा नव्हताच. मला वाटलं, सुटले. साहेबांना तसं वाटलं नाही. अहवाल वाचून ते दिवसभर गॅलरीत बसून राहिले, आणि अनघानं, त्यांच्या सुनेनं, जेवायला हाक मारली तेव्हा 'शिक्षा तरी द्यायची होती' असं पुटपुटले. आत टीव्हीवर मॅच चालू होती; अनघाला वाटलं ते क्रिकेटबद्दल बोलतायत.

हवेलीची उरलेली कमान माशांसकट पाडली गेली. फोटो काढणारी, मापं घेणारी, शाल देणारी माणसं पुन्हा दिसली नाहीत. जालानचं कॉम्प्लेक्स उभं राहिलं.

राबिया भावाकडे मौलवीगंजला राहायला गेली होती. साहेब ईदला तिथे गेले, सोबत काकू होत्या. राबियानं बसायला सांगितलं, शेवयांचा वाडगा पुढे ठेवला. साहेबांनी तिला तेच सगळं सांगितलं, चौकशीत सांगितलेलं. ती ऐकत राहिली.

'उन्होंने मुझसे कहा था, पांडेजी ने कहा है नमी है,' ती म्हणाली. 'मैंने कहा, तो प्लास्टिक डाल दो.' मग म्हणाली, 'आप अब मत आइएगा. भाभी आ जाएँ, भाभी से कोई बात नहीं.'

त्यानंतर काकू एकट्या जात. टेम्पोनं जायच्या, टेम्पोनं यायच्या. त्या येईपर्यंत साहेब फाटकापाशी उभे राहत.

इंदिरानगरात त्यांचं मन रमलं नाही. घर सिमेंटचं, तापायचं. नातू सौरभ मराठीत विचारलेल्याला हिंदीत उत्तर देई. साहेबांनी मराठी मंडळात जाणं सोडलं. बोलणं कमी झालं. मी गेलो की ते ऑफिसची चौकशी करत, पुलांची करत नसत.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात जुन्या शहरातल्या चौक भागाकडच्या एका गल्लीतले लोक त्यांच्याकडे आले. त्यांच्या हवेलीवरही कुणाचा तरी डोळा होता. त्यांना समिती काढायची होती आणि कुणीतरी अख्तर मंजिलवाल्या पांडेजींचं नाव सुचवलं होतं. अख्तर मंजिलचं पुढे काय झालं हे त्यांना नीट माहीत नसावं. मला वाटलं साहेब नाही म्हणतील. त्यांनी स्वेटर चढवला, कपाटातून ओळंबा घेतला आणि मला म्हणाले, 'स्कूटर काढ.'

हवेली सुंदर होती. लाकडी झरोके, रंगीत काचा. साहेब खालपासून वरपर्यंत हिंडले. दोन तास लागले असतील. गल्लीतली माणसं मागोमाग फिरत होती, आता हे काय बोलतात म्हणून. शेवटी ते चौकात येऊन उभे राहिले.

'मागची बाजू पडणार आहे,' ते हिंदीत म्हणाले. 'आजच ती रिकामी करा. माणसं बाहेर काढा, मग इमारतीचं बोलू.'

कुणाला काही कळेना. एकजण म्हणाला, रिकामी केली तर बिल्डर परत आत येऊ देईल का? साहेब म्हणाले, बहुतेक नाही देणार. मग आवाज वाढले. हा त्यांचाच माणूस आहे, किती घेतले, असं कुणीतरी बोललं. एका म्हाताऱ्यानं हात जोडून सांगितलं, आप जाइए. साहेब गेले नाहीत. ते एकेका दारात जाऊन तेच वाक्य म्हणत राहिले. कुणी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत आणलं. त्यांचा चष्मा पडला, मी उचलला. 'महापालिकेत चल,' ते म्हणाले. तिथे त्यांनी खिडकीपाशी उभं राहून आपल्या सहीनं तक्रार दिली.

परत आलो तेव्हा काकूंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि चहा टाकला.

'काय झालं?'

'शिव्या दिल्या,' साहेब म्हणाले. त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि पाय चोळत बसले. 'पण त्या मागच्या खोलीतल्या बाईनं खाटा बाहेर काढायला घेतल्या होत्या. मी पाहिलं. दोन पोरी होत्या तिच्या.'

काकूंनी कप त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि एक घोट घेतला.